वखारीमागचा तापलेला ढीग

लाकडाच्या वखारीमागे भुशाच्या ढिगातून वाफा निघत होत्या आणि सगळी गल्ली तोंडात बोट घालून उभी होती. विस्तव नाही, ठिणगी नाही, तरी ढीग गरम! शेजारी स्टूल टाकून धगमहाराज बसलेले.

"आत माझं तप पेटलंय, बाळांनो! भक्ताला ऊब, संशयी माणसाला चटका!"

विज्ञान शिकवणाऱ्या बाई गर्दीत घुसल्या. समोर त्यांची धाकटी जाऊ, मधुमेहानं बेजार झालेली, पाय घोट्यापर्यंत ढिगात खुपसून हसत बसली होती.

"अगं, काढ तो पाय!"

"जरासुद्धा भाजत नाही हो, जाऊबाई! कृपा झाली म्हणतात महाराज. इंजेक्शनंही सोडली मी."

बाईंनी कपाळावर हात मारला. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. गेल्याच महिन्यात त्यांनी शाळेच्या परसात असाच ढीग तापवून दाखवला होता, तर बायका फुलं घेऊन हजर. "बाईंच्याही अंगात दैवी शक्ती आहे!" आता काय बोलावं, कप्पाळ?

त्यांनी फावडं घेऊन ढीग फोडला. आत कुजकी सालं, पालेभाजीचे देठ, पांढरी बुरशी.

"हे कोण टाकतं?"

"आम्हीच," एक आजी म्हणाली. "सेवा म्हणून. पाणी शिंपडतो, ढीग खालीवर करतो."

"म्हणजे तप यांचं नि राबायचं तुम्ही! अहो, भुसा, ओला पाला, पाणी, वारा मिळाला की डोळ्यांना न दिसणारे जीव त्यावर ताव मारतात. त्यांच्या खाण्यातूनच ही ऊब. मग बुरशी येते, गांडुळं येतात, शेवटी माती होते नि तिच्यावर नवं रोप पोसतं. रानात पडल्या पानांचं हेच होतं. तिथे कुणी स्टूल टाकून बसत नाही!"

हशा पिकला. महाराज गुरकावले, "मग हिला का भाजत नाही?"

"तुम्हीच घाला ना हात."

महाराजांनी दोन्ही हात उपरण्यात लपवले. बाईंनी आपला हात घातला आणि पोळून झटक्यात बाहेर काढला. मग जावेचा पाय उचलून धरला. तळव्यावर टरारलेले फोड.

हशा जागीच विरला.

"साखरेनं तुझ्या पायाची जाणीव गेलीय. चटका बसतोय, पण तुला कळत नाही. ही कृपा?"

जाऊ त्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तशी बघत राहिली. "खरंच कळलं नाही हो, जाऊबाई..."

बाईंनी तिला खांद्याचा आधार दिला आणि गर्दीवर कडाडल्या, "हात जोडण्याआधी एकदा 'का?' म्हणून विचारा. विचारायची लाज वाटत असेल, तर हा पाय बघा. आणि आता वाट सोडा, दवाखाना गाठायचाय!"