आडवे हलणारे डोळे

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता भागवत म्हेत्रे यांनी लातूरच्या एका मानसोपचार रुग्णालयात बाकावर बसलेल्या तिघा रुग्णांना सांगून टाकलं, की त्यांच्यापैकी कुणाला खरं औषध मिळालंय आणि कुणाला नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि मुळात ते कुणालाच माहीत असायला नको होतं.

डॉ. सुमय्या सय्यद यांच्या कानावर हे गेलं ते अकरा वाजून पाच मिनिटांनी, जिलानीकडून. जिलानी उदगीरचा, मोटारींचं वायंडिंग करणारा. खुर्चीत बसता बसताच तो म्हणाला, "डॉक्टरसाब, आपला तर पत्ता कटला. म्हेत्रेचाचा म्हणले, तुला नुसतं गुंगीचं दिलंय."

"कोण म्हेत्रेचाचा?"

"ते देवणीकडचे. जनावरांच्या दवाखान्यात होते ना. मागच्या खेपेला सलाइन संपल्यावर माझ्या पापण्या वर करून बघितल्या त्यांनी. पुढच्या खेपेला दात मोजतील."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. सुमय्यानं मात्र पेन खाली ठेवलं.

पाच वर्षं नांदेड आणि तीन वर्षं लातूर, इतक्या अवधीत तिनं उदास माणसांच्या मुलाखती शेकड्यांनी घेतल्या होत्या. या अभ्यासात तिचं काम तेवढंच होतं. दोन-दोन औषधं घेऊनही ज्यांची उदासी हटली नाही, अशा माणसांना केटामाइन द्यायचं. भूल द्यायचं हे जुनंच औषध. कमी मात्रेत चाळीस मिनिटं सलाइनमधून दिलं की माणूस झोपत नाही. अंगाचं आणि वेळेचं भान सैल होतं, काहींना काही दिसतं, आणि काहींचं मन त्यानंतर मोकळं होतं. होतं का, आणि होत असेल तर औषधानंच होतं का, हे शोधायचं होतं. म्हणून निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना गुंगी आणणारं दुसरंच औषध. बाटल्या सारख्या दिसणाऱ्या, नुसता क्रमांक घातलेल्या, नांदेडहून येत. कुठल्या क्रमांकात काय, ते नांदेडच्या औषधनिर्मात्या लुंबिनी सोनकांबळे यांच्या मोहोरबंद यादीत. रुग्णाला ठाऊक नाही, नातेवाइकांना नाही आणि सुमय्याला तर मुळीच नाही. सलाइनच्या खोलीत पाऊल टाकायचीही तिला मनाई होती. तिनं प्रश्न विचारायचे आणि साठपैकी आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा, तितका आजार जास्त.

तिनं जिलानीला नेहमीचे दहा प्रश्न विचारले. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा आकडा एकोणीस होता. आज एकोणतीस आला.

"झोप?"

"सकाळपर्यंत बरी होती," जिलानी म्हणाला.

बाहेर बाकावर भागवतराव पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले होते, शेजारी बायको सिंधू. सहा आठवड्यांपूर्वी हाच माणूस खुर्चीत मान खाली घालून बसला होता आणि दहाही प्रश्नांची उत्तरं सिंधूताईंनी दिली होती. तेव्हा आकडा अडतीस. आज त्यांनी दाढी केली होती, आणि आत येताना सुमय्यासाठी दार धरलं.

"म्हेत्रेकाका, तुम्ही बाहेर लोकांना काय सांगितलं?"

"जे हाय ते. चूक झाली का?"

"तुम्हाला कसं कळलं, ते सांगा आधी."

भागवतराव एकदम खुलले. बत्तीस वर्षं त्यांनी जनावरांची मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरची नोकरी केली होती. "म्याडम, कुत्र्याला, वानराला हेच देतेत. औशाच्या किल्ल्यातलं एक वानर आणलं होतं, पाय मोडलेलं. डॉक्टरसाहेबांनी सुई दिली. वानर निपचित, पण डोळे सताड उघडे, अन् बुबुळं अशी आडवी हलून राहिली." त्यांनी बोट डावीकडून उजवीकडे झरझर फिरवून दाखवलं. "झोपेच्या औषधानं डोळे मिटतेत. ह्यानं नाचतेत. आरामाच्या खोलीत आणलं की मी एकेकाचं बघून घेत होतो. जिलानीचे मिटलेले. आंधळा बी सांगंल."

"आणि तुमचे?"

"माझे मला कसे दिसतील? सिंधूला सांगून ठिवलं होतं, बघ म्हणून. दोन्ही बारीला नाचले. व्हय की न्हाई?"

सिंधूताईंनी पदर सारखा केला. "हाव."

सुमय्यानं मुलाखत पुरी केली. आकडा चौदा. औषध घेताना काय जाणवलं, असा शेवटचा प्रश्न होता. भागवतराव बराच वेळ बोलले. ते गोठ्यात उभे होते, म्हणाले. सगळ्या देवणी गाई एकदम रवंथ करत होत्या आणि तो आवाज छातीत ऐकू येत होता. त्यातली एक मान वळवून बघायला लागली. "रागानं न्हाई. जशी चारा टाकताना बघती, तशी." त्यानंतर ते घरी जाऊन तीन वर्षांत पहिल्यांदा जेवायला मागून बसले होते.

तीन वर्षांपूर्वी लम्पीची साथ आली होती. त्यांच्या गावात चौदा जनावरं दगावली. हे सुमय्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढ्यानं माणूस का मोडावा, ते माहीत नव्हतं.

दुपारी बारा वाजता ती डॉ. शिवलिंग हुडगे यांच्या केबिनमध्ये गेली. अभ्यासाचे प्रमुख तेच. त्यांनी ऐकून चष्मा काढला.

"म्हणजे एका ड्रेसरनं आपला दीड वर्षाचा प्रयोग पापण्या उचलून मोडला."

"बाकावरचे तिघे आणि म्हेत्रे, चार जणांपुरता, सर. त्यांची मुलाखत मी आता घेऊ शकत नाही. नांदेडहून दुसरं कुणीतरी बोलवावं लागेल."

"नांदेडच्या देखरेख समितीला कळवलं की त्यांचे डोस थांबणार. म्हेत्र्यांचा तिसरा डोस उद्या आहे ना?"

"हो."

"तो माणूस बरा होतोय, सुमय्या. आणि ऐका, गुंगीच्या औषधात नंतर काही आठवत नाही, माणूस गाईची मान वळलेली इतकी तपशिलात सांगत नाही. त्याला केटामाइनच गेलंय."

"न आठवलेलं माणूस नंतर रचून सांगतो, सर. खोटेपणानं नव्हे. आपल्याला खरं औषध मिळालंय अशी खात्री असली तर जास्तच."

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही. आपण त्यांना विचारलेलंच नाही. तुम्हाला कुठलं औषध मिळालं असं वाटतं आणि कशावरून, हा प्रश्न आपल्या कागदांत कुठेच नाही. जिलानीचा आकडा एका वाक्यानं दहानं वाढला, सर. इतकी ताकद ज्यात आहे ते मोजल्याशिवाय आपण औषध कसं मोजणार? एक पान वाढवू. रुग्णाला वेगळं विचारायचं, सोबतच्याला वेगळं. उरलेल्या सगळ्यांना."

हुडगे सरांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. "मसुदा करा," ते म्हणाले. "पण म्हेत्र्यांना तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."

पावणेएकला तिनं भागवतरावांना एकट्यांना आत बोलावलं आणि सरळ सांगितलं. तुम्ही जे केलं ते मला कळवावं लागेल. कळवलं की समितीचा निर्णय येईपर्यंत तुमचा डोस थांबेल. उद्याचा चुकेल. निर्णय कधी येईल आणि काय येईल, ते मला माहीत नाही.

भागवतरावांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "अन् न्हाई कळवलं तर?"

"तर उद्या डोस मिळेल. आणि आमच्या कागदावर, कुणालाच काही माहीत नव्हतं असं राहील."

"खोटं राहील."

"हो."

बाहेर औशाची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडत होतं.

"म्याडम, लम्पीच्या वेळेला एका सकाळी साठ जनावरांना लस टोचली मी. सुया आठ. लोकं रांगेत उभे, एकेकाची घाई. पाण्यात उकळून परत परत वापरल्या. नंतर नंतर उकळल्या बी न्हाईत. अन् रजिस्टरला साठच्या साठ ओळींत लिवलं, नवी सुई. माझ्या हातानं." त्यांनी बोटाचे बंद सोडले. "रोग सुईनं गेला का माशीनं गेला, कुणाला ठावं? शेजारच्या गावात आधीच होता. पण ते रजिस्टर कुणी उघडलंच न्हाई. उघडलं असतं तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. तुम्ही लिवा. मी सही करतो."

"उद्याचा डोस जाईल, काका."

"गेला तर गेला. दोन मिळाले की. खरे मिळाले."

त्यांनी जबाब वाचला, एका जागी 'पापण्या' हा शब्द सुटला होता तो दाखवला आणि सही केली. मग जिलानीला शोधायला गेले. माफी मागायची होती. जिलानी कॅन्टीनमध्ये सापडला आणि त्यांना बघताच तोंड उघडून दाखवत म्हणाला, "मोजा चाचा, बत्तीस हायत का बघा."

सिंधूताई तेवढ्यात सुमय्याच्या दारात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"डॉक्टरबाई, ते डोळ्याचं लिवलं का?"

"लिहिलं. तुम्ही पाहिलं असंही लिहिलं."

"मी न्हाई पाहिलं."

सुमय्यानं जबाबाचा कागद परत पुढे ओढला.

"पहिल्या बारीला मला भ्याव वाटलं, मी भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या बारीला बघायला गेले तर त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. उजेड नको म्हणून नर्सबाईनं बांधलेली. भाईर आल्यावर त्यांनी विचारलं, नाचले का. तीन वर्षं त्या माणसानं मला काही विचारलं नव्हतं, बाई. न्हाई कसं म्हणू? हाव म्हणले." एवढं बोलून त्या दाराला टेकल्या. "त्या दिवशी रात्री भाकर मागून खाल्ली त्यांनी."

सुमय्याला पहिल्यांदा सुचलं ते एकच, की हे ऐकायला नको होतं. दुसरं सुचलं ते तिच्या कामातलं होतं, आणि ते बरंच मोठं होतं. अडतीसवरून चौदा. ते जर औषधानं झालं असेल, तर औषध चांगलं. आणि जर एका 'हाव'नं झालं असेल, तर तो 'हाव' काय करतो, हे शोधणं अधिकच गरजेचं.

"सिंधूताई, मी हे त्यांना सांगणार नाही. पण लिहावं लागेल."

"लिवलेलं त्यांना दिसंल का?"

"आत्ता नाही. सगळ्या रुग्णांचं संपलं की यादी उघडेल. तेव्हा त्यांनी आपले कागद मागितले, तर द्यावे लागतील. तो त्यांचा हक्क आहे."

"ते मागतील," सिंधूताई म्हणाल्या. "त्यांना मी चांगली वळखते." मग म्हणाल्या, "लिवा. पण असं लिवा की बायकोनं लबाडी केली न्हाई. तिला भ्याव वाटलं होतं."

सुमय्यानं तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यांना वाचून दाखवलं. सिंधूताईंनी अंगठा नको म्हटलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून सही केली.

शनिवारी सुमय्या नांदेडला गेली. समितीपुढे तिनं वीस मिनिटं मांडणी केली. चार रुग्णांची माहिती फुटली, कशी फुटली, कुणाच्या अनुभवातून फुटली. आमची चूक ही की आम्ही रुग्ण निवडताना आजार विचारला, धंदा विचारला आणि त्या धंद्यातला माणूस काय ओळखू शकतो याचा विचार केला नाही. आरामाच्या खोलीत आता पडदे लावले आहेत. समितीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, नवं पान कशाला, अभ्यास आणखी गुंतागुंतीचा होईल. तिनं जिलानीचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि पुढच्याकडे सरकवला.

बाहेर लुंबिनी भेटली. दोघी शाळेत एकाच वर्गात होत्या. "म्हेत्र्यांचा क्रमांक मला तोंडपाठ आहे," लुंबिनी म्हणाली. "चहा घेणार?"

"घेणार. आणि तू गप्प बसणार."

"गप्पच आहे की. माझ्या तोंडाकडे बघू नकोस फक्त."

सुमय्या खरंच कपाकडे बघत चहा प्यायली.

समितीचं पत्र अकरा दिवसांनी आलं. नव्या पानाला मंजुरी. दोन्ही जबाब मूळ कागदांना जोडावेत. चौघांच्या मुलाखती यापुढे नांदेडच्या डॉक्टरांनी घ्याव्यात. थांबलेल्या डोसबद्दल निर्णय पुढच्या बैठकीत.

नांदेडच्या डॉक्टरांनी भागवतरावांची मुलाखत फोनवर घेतली. तिसरा डोस मिळालेला नव्हता. आकडा तेरा आला. जिलानीचा बावीस. नव्या पानावर भागवतरावांनी 'कुठलं औषध मिळालं असं वाटतं' यापुढे 'खरं' असं सांगितलं, आणि 'कशावरून' यापुढे 'बायकोनं बघितलं'. सोबतच्यासाठीच्या चौकटीत सिंधूताईंनी 'माहीत नाही' सांगितलं.

सोमवारी दुपारी भागवतरावांचा फोन सुमय्याला आला. तब्येतीचं तिनं विचारायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते काढलंही नाही. एवढंच विचारलं, की यादी उघडली की आपले कागद बघायला मिळतात, हे खरं का. खरं, ती म्हणाली. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, ते त्यांनी लिहून घेतलं.

अभ्यासाला शहाण्णव रुग्ण हवेत. आजच्या तारखेला सत्त्याहत्तर झाले आहेत. यादी बंद आहे.