साबण तोलणारा हट्टी तराजू

मित्रांनो, मी एक जुना पितळी तराजू आहे आणि सांगायला लाज वाटत नाही, मी भारी हट्टी आहे. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझी पारडी घासूनघासून सारखी केली आणि एकच नेम घालून दिला: कुणी कितीही दटावलं तरी खोटं वजन दाखवायचं नाही.

बरीच वर्षं मी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मुळ्या-साली तोलल्या. माझ्या खरेपणाचं कौतुक होई. पुढे दुकान बंद झालं आणि मी दुकानदाराच्या थोरल्या मुलीकडे, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, रद्दीखाली जाऊन पडलो.

ही थोरली खानावळीत स्वयंपाक करी. तिची धाकटी बहीण लॉन्ड्रीत कामाला होती. तिथल्या साबणाने धाकटीचे तळहात फाटले होते, बोट वाकवलं की रक्त येई. काम सुटायची पाळी आली, तेव्हा थोरलीने घरीच तेलाचा साबण करायचं मनावर घेतलं. पण तेल आणि जास्त झाला तर कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा तिने वाटीनेच मोजला.

"ताई, वजन कर ना," धाकटी म्हणाली.

"तीनशे माणसांचं मीठ मी हाताने टाकते. मला शिकवू नकोस."

वड्या देखण्या झाल्या. थोरलीने पहिली वडी स्वतःच्याच मनगटावर घासली आणि लगेच हात नळाखाली धरला. कातडी लालबुंद झाली होती.

"मीठ जास्त पडलं वाटतं," धाकटी म्हणाली.

त्या दुपारी थोरलीने मला रद्दीखालून काढून खाली उतरवलं. तेल तोलून झाल्यावर हातमोजे घालून, खिडकी उघडून तिने काचेच्या भांड्यात सोडा तोलायला घेतला. चिमूटभर जास्त झाला.

"एवढ्याने काय होतंय," ती पुटपुटली.

मी सोड्याचं पारडं खालीच ठेवलं. तिने डोळे वटारले. मी ढिम्म. शेवटी तिने मुकाट्याने चिमूट काढली, तेव्हाच मी सरळ झालो.

सहा आठवडे वड्या वाळल्या. थोरलीने पुन्हा आधी स्वतःचं मनगट पुढे केलं, मग धाकटीला वडी दिली. धाकटीने हात धुतले, टिपले, सावकाश मूठ मिटली.

"चुरचुरत नाही गं," ती म्हणाली.

मित्रांनो, मी विनवणी करत नाही, अट घालतो. माझ्या पारड्यांवर तेल सुकू देऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. आणि मी जास्त म्हटलं की काढून घ्या. ज्यांना मनासारखंच वजन हवं, त्यांनी मला खुशाल रद्दीखाली ठेवावं. मी तिथे राहीन, पण फाटलेल्या हातांच्या बाबतीत कणभरही खोटं बोलणार नाही.