कोब्यावरची पावले

बाईंनी सहलीतल्या त्या बिल्डर गृहस्थांचा पाय घोट्याशी धरला, उचलला आणि वाटेत आलेले घमेले सरकवावे तसा बाजूला ठेवला.

"अहो, अहो," म्हणत बिल्डर एका पायावर नाचले आणि बायकोचा खांदा धरून कसेबसे सावरले.

"बूट आहे तुमच्या पायात," बाई म्हणाल्या. त्या अजून उकिडव्याच बसल्या होत्या. "ओल्या चुन्यावरून एक पोर पळालं. त्याला आईनं धपाटा घातला असेल की नसेल, ते मला माहीत नाही. पण ते पाऊल चार हजार वर्षं टिकलं. आणि तुम्हाला त्याच्यात बूट घालून फोटो काढायचाय."

"मॅडम, पण परवानगी आहे," मागून टूर मॅनेजर म्हणाला. "आपल्या पाहुण्यांसाठी खास घेतलीय. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे, 'इतिहासाच्या पावलावर पाऊल'."

"हे वाक्य कुणी लिहिलं?"

मॅनेजर दिव्यांकडे पाहू लागला, तेव्हा कुणी लिहिले ते सगळ्यांना कळले.

नव्या दालनाच्या मधोमध, गुडघाभर उंचीच्या चौथऱ्यावर तो कोबा बसवला होता. खोलीएवढी चुन्याची जमीन, चार ठिकाणी कापून पुन्हा जोडलेली. जोडाच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. त्या रेघांमधून ती इवली पावले तिरकी पळत गेली होती, एकेक पाऊल वीतभरसुद्धा नसलेले. बिल्डरांच्या टाचेखाली कोब्याच्या कडेचा टवका उडाला होता. बाईंनी तो उचलून मुठीत धरला.

ही पावले बाईंनीच शोधली होती. तेव्हा इथे ना दालन होते ना रस्ता, नुसते टेकाड होते आणि त्यांचे तंबू. शेवटच्या हंगामात, सामान बांधायची वेळ आली असताना, हा कोबा लागला. बाईंनी तो ब्रशने झाडला, मोजला, काढून घेतला कागदावर, रबराचा साचा घेतला, आणि सगळ्यांच्या शिव्या खात पुन्हा पुरला. आधी कापड, मग चाळलेली वाळू, वर माती. उघडा ठेवला तर दोन पावसाळ्यांत त्याची पिठी होईल, एवढेच त्या म्हणाल्या होत्या. आपण शोधलेली सर्वांत सुंदर गोष्ट आपल्याच हातांनी झाकायची, हे त्यांच्या धंद्यातले शहाणपण होते आणि बाईंना त्याचा अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर एका सहल कंपनीने त्यांना गाठले. जुनी नगरे पाहायला जाणाऱ्या लोकांसोबत वर्षातून तीन-चार वेळा देशोदेशी हिंडायचे आणि भग्न भिंतींपाशी उभे राहून समजावून सांगायचे. बाईंना ते बरे वाटे, कारण ही माणसे निदान प्रश्न तरी विचारत. मात्र आपल्या टेकाडावर त्यांनी कधी सहल आणली नव्हती. या खेपेला मॅनेजरने गळ घातली आणि त्या हो म्हणाल्या. वरची माती दिसली तरी पुष्कळ झाले, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कोबा उकरून, कापून, फाटकाजवळच्या दालनात आणून मांडला आहे, ही बातमी त्यांना आज सकाळी बसमध्ये मिळाली.

तेव्हापासून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बस टेकाडापलीकडे जुन्या वाटेवर थांबली होती; तिथून टेकाडावरून चालताना वाटेत त्यांचा जुना खड्डा लागला. भोवती काटेरी तार, आत वाळू आणि गवत, आणि एक पाटी: 'सावधान. सापांचा वावर. आत जाऊ नये.'

"साप," बाई थांबून म्हणाल्या होत्या. "अकरा हंगाम मी इथे जमिनीवर झोपले. विंचू पाहिले, मंत्री पाहिले, साप एक नाही पाहिला. गवत कापायचा कंटाळा आला की असल्या पाट्या लावतात."

मंडळी पोट धरून हसली होती. बाईंना हसू आले नव्हते.

"अधीक्षकांना बोलवा," त्या आता मॅनेजरला म्हणाल्या.

अधीक्षक दारातच उभे होते. बाई आल्यापासून ते तिथेच होते, पण आत यायचे धाडस त्यांना झाले नसावे. डोक्यावरचे केस गेले होते, पोट सुटले होते, तरी बाईंनी त्यांना लगेच ओळखले. त्यांचा विद्यार्थी. स्वतःच्या दुप्पट वजनाची मातीची पाटी उचलायचा म्हणून खड्ड्यावर सगळे त्याला मुंग्या म्हणत. रबराचे साचे काढायला बाईंनीच त्याला शिकवले होते, आणि त्याचा हात त्यांच्यापेक्षाही हलका होता.

"ये, मुंग्या," बाई म्हणाल्या. "लाजू नकोस. करायच्या वेळी लाजला नाहीस."

"बाई, आपण ऑफिसात बसून..."

"इथेच. या लोकांसमोर. कुठल्या यंत्रानं कापलास?"

अधीक्षकांनी मान खाली घातली.

"मी विचारतेय. दगड कापायच्या की लाकूड कापायच्या? माझ्याबरोबर वाळू चाळत होतास तू. कापड अंथरताना चप्पल काढून उतरला होतास, मी सांगितलंही नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, चला, एक तरी माणूस तयार झाला. कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"वरून आदेश होता. रस्त्याजवळ पाहिजे म्हणाले. लोकांना टेकाड चढायला नको."

"आणि तू हो म्हणालास."

"हो म्हणालो."

"नाही म्हणता येत नव्हतं?"

"माझी बदली झाली असती, बाई."

"झाली असती तर झाली असती. गावोगावी रिकामी टेकाडं पडलीत, तिथं राखण करायची होतीस. खुर्ची वाचवलीस तू. चार हजार वर्षांची वस्तू दिलीस आणि एक खुर्ची घेतलीस."

बिल्डरांच्या पत्नीने पर्सची चेन हळूच लावली. मोठ्या माणसाची अशी कानउघाडणी चारचौघांत ऐकायची वेळ आली की ऐकणाऱ्यालाच अपराध्यासारखे वाटते. अधीक्षकांनी मात्र पुढे वाद घातला नाही, आणि त्या मुकाट ऐकून घेण्याचा बाईंना आणखीनच संताप आला.

प्रवाशांमध्ये एक निवृत्त सचिव होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी सगळे त्यांना सचिवसाहेबच म्हणत, आणि तेही ओ देत. ते पुढे आले.

"बाई, तुम्ही त्रास करून घेऊ नका. या खात्याचे हल्लीचे प्रमुख माझ्या हाताखाली होते. आत्ता फोन लावतो. चौकशी लागेल, माणसं येतील, पार मुळापासून तपासतील. यांना घरी बसवल्याशिवाय राहणार नाही."

"लावा," बाई म्हणाल्या.

अधीक्षकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "साहेब, चौकशी नको," ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की बिल्डरांना हसू आले.

"आता नको का?" सचिवसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि फोनमध्ये नंबर शोधू लागले.

बाई पुन्हा कोब्याकडे वळल्या. मुठीतला टवका घामाने ओला झाला होता. तो बसेल का जागेवर, एवढे पाहावे म्हणून त्यांनी कडेला लावून पाहिला. मग आयुष्यभराच्या सवयीने, काही मनात न आणता, त्यांनी तो उलटा करून मोडलेली बाजू जिभेला लावली.

ही जीभपरीक्षा सहलीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना शिकवली होती. जुने खापर, जुने हाड, जुना चुना ओल ओढून घेतो, म्हणून जिभेला चिकटतो. नवा चिकटत नाही. तेव्हापासून बिल्डर वाटेतला प्रत्येक खडा चाटून पाहत होते आणि त्यांची बायको डोक्याला हात लावत होती.

टवका चिकटला नाही.

बाईंनी तो पुन्हा लावला. जिभेवर गुळगुळीत, थंड, किंचित कडवट असे काहीतरी फिरले आणि सुटून आले. त्यांनी कोब्याकडे पाहिले. रागाने माणसाच्या डोळ्यांवर झापड येते, तशी त्यांच्या डोळ्यांवरही आली होती. ती आता सरली. प्रत्येक पावलाची बोटे बरोबर होती. टाचेपाशी चुना दाबला जाऊन वर आलेली कड बरोबर होती. फारच हलक्या हाताने घेतलेल्या साच्यातून काढलेली नक्कल होती ती.

त्यांनी अधीक्षकांकडे पाहिले. मुंग्या त्यांच्याकडेच पाहत होता. खड्ड्यात ब्रश मारताना नवखा पोरगा आपल्याकडे पाहतो तसा, चुकले का म्हणून.

कोबा कापलाच नव्हता. तो उचललाच नव्हता. मग तो कुठे होता, हे विचारायची बाईंना गरज नव्हती. सकाळी सापांच्या त्या पाटीसमोर उभ्या राहून त्यांनीच सगळ्यांना हसवले होते.

"लागला," सचिवसाहेब म्हणाले. "हां, नमस्कार, मी बोलतोय. अरे, एक गंभीर बाब आहे. तुमच्या त्या पावलांच्या कोब्याची इथं पार वाट लावलीय. ज्यांनी शोधला त्या बाईच आहेत माझ्यासोबत. थांब, त्यांच्याशीच बोल."

फोन पुढे आला. बाईंनी तो घेतला. याच टेकाडावर, भर समारंभात, त्यांनी एका मंत्र्यांना सांगितले होते की आपण ज्याचे उद्घाटन करत आहात तो राजवाडा नसून गोठा आहे. पुढच्या वर्षी उत्खननाचे अनुदान बंद झाले. त्याचे त्यांना कधी वाईट वाटले नव्हते. खोटे बोलायची वेळ आली की त्यांचा गळाच बसे.

"नमस्कार," बाई म्हणाल्या आणि खाकरल्या. "काही नाही. गैरसमज झाला. कोबा उत्तम स्थितीत आहे."

पलीकडून काहीतरी विचारले गेले.

"हो, मी स्वतः पाहिला. हलवायचं काम फार काळजीनं केलंय. मी असते तर मलाही जमलं नसतं. चौकशीची काही गरज नाही. अधीक्षक चांगले आहेत तुमचे, त्यांना इथून हलवू नका."

त्यांनी फोन परत दिला. सचिवसाहेबांचा चेहरा पडला होता. आपल्या शब्दाची अशी शोभा होण्याची त्यांना सवय नव्हती.

"तुम्हीच म्हणालात ना, लावा म्हणून?"

"म्हणाले. वय झालं की होतं असं."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. त्या नजरा बाईंना कळल्या. उरलेल्या सहलीत आता त्यांच्या बोलण्यावर थोडे हसून माना डोलावल्या जातील, हेही कळले, आणि त्या सगळ्यांचा त्यांना मनस्वी राग आला. तेवढ्यात बिल्डर वाकले. चौथऱ्याच्या पायथ्याशी आणखी एक कपचा पडला होता. तो त्यांनी चिमटीत धरला आणि तोंडाशी नेला.

बाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"इथलं काही उचलायचं नाही, चाटायचं तर नाहीच," त्या म्हणाल्या. "आणि बूट काढा. सगळ्यांनी. पहिल्या दिवसापासून सांगतेय मी, पुरातन जागेत पाय कसा ठेवायचा."

कुरकुरत का होईना, सगळ्यांनी बूट काढले. मोजे घातलेली ती माणसे चौथऱ्याभोवती गोळा झाली आणि बाईंनी त्यांना त्या पोराची गोष्ट सांगितली: चुना ओला कसा होता, पोर दारातून कसे आले, मध्ये एकदा कसे घसरले. सांगताना त्या एकदाही कोब्याकडे पाहत नव्हत्या.

नंतर दालनामागच्या पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मुंग्याला गाठले.

"मला दोन शब्द कळवता आले नाहीत?"

"कळवणार होतो, बाई."

"मग?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आम्हा सगळ्यांना त्याची भीती वाटते."

"आणि मी आज तुला एवढं बोलले, ते ऐकून घेतलंस?"

"तुम्ही बोललात म्हणून तर लोकांना खरं वाटलं," मुंग्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्याने शर्टाची बाही वापरली, पूर्वीसारखीच; पण ओठांवर हसू होते.

"हसू नकोस. माझा राग गेलेला नाही."

"हसत नाहीये, बाई."

"ज्यानं हा आदेश काढला त्याच्यावर आहे, तुझ्यावर आहे, माझ्यावर आहे. वर वाळू किती आहे?"

"तुम्ही घातली होती तेवढी. वर एक हात मी आणखी घातलीय."

बाईंनी दोन्ही टवके त्याच्या हातावर ठेवले आणि त्याची मूठ बंद केली. "कड आजच्या आज दुरुस्त कर," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी चुन्यात बारीक खापराची पूड घाल. मग जिभेला चिकटेल."

परतीच्या वाटेवर मंडळी पांगत चालली होती. बिल्डर सगळ्यांच्या पुढे होते. जुन्या खड्ड्यापाशी एका जागी तार सैल होऊन लोंबत होती, तिथे ते थांबले.

"हाच ना तुमचा खड्डा, बाई? इथूनच काढला ना तो? एक फोटो घेतो आत जाऊन." त्यांनी एक पाय तारेवरून पलीकडे टाकला.

"मागे या," बाई म्हणाल्या.

"आता काय झालं?"

"पाटी वाचा."

"अहो, सकाळी तुम्हीच म्हणालात ना, साप नाही नि काही नाही म्हणून?"

"सकाळी मला माहीत नव्हतं." बाईंचा गळा या वेळी बसला नाही. "आहे. मघाशी पाहिला मी."

बिल्डरांनी पाय चटकन मागे घेतला. बाईंनी लोंबती तार उचलली आणि खांबाच्या खिळ्याला घट्ट पिळून बसवली. काटा बोटात रुतला, ते बोट त्यांनी तोंडात धरले.

"केवढा होता हो?" बिल्डरांच्या पत्नीने लांबूनच विचारले.

बाईंनी अंगठा आणि मधले बोट ताणले. मग थोडे जवळ आणले.

"एवढासाच? मग पिल्लू असेल."

"हो," बाई म्हणाल्या. "पिल्लूच आहे."