मोठे इंजिन, जुने ब्रेक

मित्रांनो, मी विलायतेत जन्मलेली, दोन दारांची, ठेंगणी अशी एक जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. माझे मूळचे इंजिन लहान होते आणि मी तेवढ्यावर खूश होते. पुढे मालक वारले. मुरबाडजवळच्या त्यांच्या बागेत मी सात वर्षे उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

टोकावड्याच्या अनिलदादा मेकॅनिकनी मला तिथून नेले. त्यांनी गंज खरवडला, पत्रा ठोकला आणि मोडीत निघालेल्या एका दांडग्या गाडीचे इंजिन माझ्यात बसवले. ते मावेना, म्हणून बॉनेट कापून उंच केले. मी पहिल्यांदा गुरगुरले, तेव्हा शेजारच्या धाब्यावरची माणसे पानावरून उठून बघायला आली.

दादांची बायको, अनितावहिनी, तेवढी हसली नाही.

"अहो, ब्रेक तर तेच जुने हायत ना?"

"बदलू गो. आधी पळवून तर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळशेजच्या उतारावर होतो. तो वेग मलाही आवडला, खोटे कशाला सांगू? वळणावर तिथल्याच पाड्यावरच्या बाईजामावशी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालल्या होत्या. दादांनी ब्रेक दाबला. तापलेला ब्रेक लागलाच नाही. दादांनी मला रस्त्याकडेच्या बांधावर घातले, तरी माझा आरसा मावशींच्या कोपरावर आदळला. दादांचा पाय माझ्याच पत्र्यात चिरडला.

पाच महिन्यांनी दादा कुबडीवर आले. इंजिनाकडे त्यांनी पाहिलेही नाही. चारही चाकांना मोठे, नवे ब्रेक बसवले आणि मला घेऊन मावशींच्या पाड्यावर गेले.

"मावशी, माझी चूक झाली."

मावशींनी वाकडा उजवा हात पुढे केला. "चूक म्हनून ह्यो सरळ व्हतो का रे? मोळी कोन बांधील आता?"

दादांनी माझ्या रिकाम्या सीटकडे पाहिले.

"मी आणून देतो. दर आठवड्याला."

तेव्हापासून माझ्या सीटवर लाकडे असतात. सालपटांनी सीट फाटली आहे. आता मला बघायला कुणी उठत नाही. मावशींनी माफ केले का, मला माहीत नाही. लाकडे कुठे टाकायची, ते त्या डाव्या हाताने दाखवतात, एवढेच.

मित्रांनो, गाडीची निगा म्हणजे नुसती चकाकी नव्हे. तिला वेग द्याल, तर थांबायची सोय आधी करा. माझे ब्रेक मागाहून बदलता आले. मावशींचा हात नाही.