चुन्याच्या चकत्या

महरीनने मथुराला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं, तेव्हाच मथुराच्या कपाळाला आठी पडली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्रातल्या वनस्पती, म्हणजे प्लवक, मोजायचं काम मांडवीजवळच्या त्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिचं होतं. तिनं बोलवायचं आणि इतरांनी यायचं, अशी रीत. आणि ही जयगडची पोरगी, दोन हजार तीनच्या मे महिन्यात नोकरीला लागलेली, दिवाळीही आली नाही तोवर तिलाच म्हणते, "ताई, जरा बघता काय?"

मथुराने बघितलं. काळ्याभोर अंधारात चिमुकल्या चकत्या चमकत होत्या, प्रत्येकीवर एक काळी फुली. चुन्याचं कवच घालणारे प्लवक! त्यांची पेशी आतल्या आत चुन्याच्या चकत्या घडवते आणि मग अंगावर चढवते, हे मथुराला पुस्तकातून माहीत होतं. रत्नागिरीच्या पाण्यात मात्र तिला एकही सापडला नव्हता. 'आढळले नाहीत' असं तिनं छापूनही आणलं होतं.

"हे कसं केलंस गो?"

"मामूंचा दुबईचा पोलरॉइड गॉगल मोडला ना, त्याच्या दोन काचा. एक खाली लावली, एक वर आडवी. मग चुना तेवढाच चमकतो. पाणी तन्वीरभाईच्या ट्रॉलरवरचं, लांबून आणलेलं."

गॉगल म्हणे! मथुराने होडीसाठी सात अर्ज केले होते आणि धक्क्यावरून बादलीने काढलेल्या पाण्यावर अकरा वर्षं काढली होती. हिला भावाचा ट्रॉलर काय, मामाचा मोडका गॉगल काय, सगळं घरबसल्या. वर पोरगी स्वभावाने गोड. जरा उद्धट असती तरी चाललं असतं, निदान उघड भांडता आलं असतं.

भांडायला कारणही होतं. दहा दिवसांनी गोव्याहून केणी मॅडम यायच्या होत्या. हवेतला कर्बवायू समुद्रात मुरतो, पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं. मग या चुन्याच्या कवचांचं काय होतं, ते बघायला त्यांचं जहाज अरबी समुद्रात निघणार होतं. रत्नागिरीतून एकालाच जागा होती, कुणाला ते मॅडम ठरवणार होत्या. ती मथुराला मिळणार असं सगळे धरून चालले होते, आणि मथुरा तर सगळ्यांच्या आधीपासून. आता चुनेवाले सापडले होते महरीनला. प्रयोगशाळेचे साहेब त्या दिवशी दापोलीला गेलेले, त्यामुळे ते पाहिले होते या दोघींनीच.

दुपारी मथुरा ग्रंथालयात जाऊन बसली. एका जुन्या नियतकालिकात तिला हवं ते, किंवा नको ते, सापडलं. नमुने टिकावेत म्हणून पाण्यात आयोडीनचं जे द्रावण घालतात, त्यात आम्ल असतं आणि चुन्याच्या चकत्या त्यात विरघळून जातात. दुसरे प्लवक, डायटम, त्यांची कवचं काचेची. त्यांना आम्लाने काही होत नाही. म्हणून तिच्या बाटल्यांत कायम डायटमच. म्हणजे चुनेवाले तिच्याही पाण्यात असणार, आणि ते तिनंच स्वतःच्या हातांनी घालवले. खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तोही महरीनचा.

ती परतली तर महरीन बाटल्या मांडून उभीच. "ताई, नेहमीचंच आयोडीन घालू काय?"

"घाल की," मथुरा म्हणाली.

तिला पश्चात्ताप झाला असेल असं कुणाला वाटेल. नाही झाला. दहा दिवस ती पोटभर जेवली आणि जहाजावर न्यायला नवी बॅगही बघून आली.

केणी मॅडमनी एकेक बाटली तपासली. डायटम ढीगभर, चुनेवाला एक नाही. महरीन काचा पुन्हा पुन्हा फिरवत होती. ट्रॉलरवरून नवं पाणीही तिनं कालच आणवलं होतं, पण तोवर समुद्रातलं चुनेवाल्यांचं ते पीक सरलं होतं.

"होते, मॅडम. ताईंनी पण बघितले."

"काहीतरी चमकलं होतं खरं," मथुरा म्हणाली. इतकंच म्हणाली.

"यात घातलंयस काय?" मॅडमनी बाटली नाकाशी नेली. "आम्लवालं आयोडीन? अगं, मग चुना उरेल कसा! कोणी सांगितलं तुला?"

आता पोरगी आपलं नाव घेणार. घेऊ दे, मथुराने उत्तर तयार ठेवलं होतं.

"कोणी नाही," महरीन म्हणाली. "इथं तेच घालतात. ताईंना तरी कुठनं ठाऊक असणार, मॅडम? त्या बिचाऱ्या इतकी वर्षं धक्क्यावरचं पाणी घेऊन बसल्यात. त्यांच्यावर ठपका ठेवू नका."

मॅडमनी मथुराकडे बघितलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "खरंय. तुमचा काय दोष? नव्या गोष्टी इथवर पोचतच नाहीत." साहेबांनीही मान डोलावली.

जहाजावरची जागा अजून हातची गेली नव्हती. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण बिचारी? आणि अडाणी, तेही या पोरीच्या तोंडून? मथुराच्या कानशिलांत रक्त चढलं.

"मला ठाऊक होतं," ती ताडकन म्हणाली. "त्याच दुपारी वाचलं होतं मी. हिच्या आधी!"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. मॅडमनी बाटली खाली ठेवली.

"मग मला घाल का म्हणालात, ताई?" महरीनने विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.