मर्लने माझी नळी घासली

घाबरू नका, मित्रांनो! मी रायफल आहे खरी, पण आजवर कागदी चकत्या आणि सूपचे रिकामे डबे यांच्याशिवाय कुणालाही मी भोक पाडलेलं नाही. मी बावीस बोअरची आहे. माझं काडतूस बोटाच्या पेराएवढं. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपली आपण बाहेर उडते आणि पुढचं काडतूस जागेवर येऊन बसतं. पुढच्या गोळीसाठी पुन्हा चाप ओढायचा, एवढंच. म्हणून मला अर्ध-स्वयंचलित म्हणतात. अर्धं काम मी करते, अर्धं नेम धरणारा करतो, आणि टाळ्या मात्र सगळ्या त्यालाच मिळतात. असो, त्याचं मला आता काही वाटत नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यातला. पोलादाची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि अंगावर अशी काही चमक की बघणाऱ्याने बघत राहावं! तिथून मी आले थेट विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात. तिथल्या अग्निशमन दलाने नव्या बंबासाठी पैसे उभे करायला सोडत काढली होती आणि पहिलं बक्षीस होते मी. गावातली सगळी पोरं माझ्याकडे डोळे लावून बसली होती. चिठ्ठी निघाली ती लव्हॉन नावाच्या एकोणीस वर्षांच्या डावखुऱ्या मुलीची!

"लव्हॉन, तू काय करणार हिचं? मला देऊन टाक," एक जण म्हणाला.

"तुला? तुला गलोल पुरे!" ती म्हणाली आणि मला खांद्याला लावून चालू पडली.

काय दिवस होते ते! दर शनिवारी आम्ही गावाबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर. कागदाच्या काळ्या वर्तुळात आम्ही अशी भोकं पाडायचो की लोक दुर्बिणीतून दोनदा बघायचे. जिल्ह्याची दोन पदकं आमच्या नावावर आहेत. मग लव्हॉनने मर्लशी लग्न केलं. मर्ल गवळी होता. गोठ्यात चाळीस गाई, दोन वेळची धार, आणि गाईंना शनिवार कळत नाही. मी कुलूपबंद कपाटात गेले. कपाटात वर्षं कशी जातात ते मला विचारा! कुणी विसरलं नव्हतं हो मला, पण आठवायला कुणाला सवडही नव्हती.

गेल्या शरद ऋतूत दुधाचा धंदा परवडेना म्हणून गाई विकाव्या लागल्या. मालमोटारी आल्या, गाई गेल्या, आणि मर्ल रिकाम्या गोठ्यात बराच वेळ उभा राहिला. लव्हॉनचे शनिवार मोकळे झाले आणि त्याचे सगळेच दिवस रिकामे झाले. त्यानंतर तो घराबाहेर पडेनासा झाला. चर्च नाही, गावकऱ्यांबरोबरचं शुक्रवारचं मासळीचं जेवण नाही. दिवसभर तो काहीतरी धूत बसायचा. दुधाच्या नळ्या आयुष्यभर धुतलेला माणूस तो. नळीत थेंब राहिला तर सगळं दूध नासतं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. आता दूध नव्हतं, तेव्हा त्याने ट्रॅक्टर धुतला, ओसरी धुतली, कोंबड्यांची खुराडी धुतली. एकदा तर टपालपेटी साबणाने घासली!

लव्हॉनने मात्र कपाट उघडलं! अठ्ठावन्नाव्या वर्षी, शाळेची बस चालवून आल्यावर, तिने मला हातात घेतलं आणि मी मनातल्या मनात अशी उडी मारली म्हणून सांगू! हिवाळाभर आम्ही सराव केला. तिने मला नाना तऱ्हेची काडतुसं खिलवून पाहिली, कारण माझ्या जातीच्या रायफली खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ असतात. शेवटी एका मेणवलेल्या गोळीवर माझं मन बसलं. त्या मेणाचा आणि शिशाचा पातळ थर नळीत आतून बसतो आणि मग माझा नेम पक्का होतो. बिडाच्या तव्याचं कसं असतं? वापरून वापरून तो तयार झाला की धिरडं अलगद सुटतं, आणि कुणी तो खसाखसा घासून ठेवला की पुढची चार धिरडी गेलीच. माझं अगदी तसंच आहे.

जूनमध्ये राज्य स्पर्धा होती. आमच्या चांदमारीचा संघ तिघांचा. दोन जागा ठरलेल्या, आणि तिसरी एक तर लव्हॉनची नाही तर तिच्या बहिणीच्या मुलाची, ट्रेंटची. संघाची प्रमुख गर्टबाई. वय शहात्तर, आवाज टपाल कचेरीत लोकांना रांगेत उभं करून करून कमावलेला. मागल्या वर्षी संघातल्या एकाची रायफल भर स्पर्धेत अडकली आणि संघ हरला. तेव्हापासून तिचा नियम झाला : आधी रायफलीची परीक्षा, मग माणसाची. दहा गोळ्या सावकाश, सगळ्या काळ्या वर्तुळात. मग दहा गोळ्या भरभर, आणि रायफल एकदाही अडकता कामा नये. सबबी ऐकल्या जाणार नाहीत.

परीक्षा एप्रिलमधल्या एका शनिवारी होती. शुक्रवारी लव्हॉन बस घेऊन गेली आणि मर्लने कपाट उघडलं.

मित्रांनो, अजून आठवलं की माझा दस्ता थरथरतो! त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं केलं, मी रिकामी आहे ना ते नीट पाहिलं, आणि पितळी तारांचा ब्रश नळी साफ करायच्या औषधात बुडवून माझ्या नळीत घातला. घास, पूस, घास, पूस. पांढरं फडकं काळं निघालं की त्याला आणखी चेव चढायचा. हिवाळाभर थरावर थर चढवून मी तयार झाले होते आणि हा सगळं खरवडून काढत होता! ओरडून सांगावं म्हटलं, तर मला बोलता येतं ते काडतूस घातल्यावरच.

फडकं शेवटी पांढरंशुभ्र बाहेर आलं तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "उद्या तिचा दिवस आहे बरं का," तो म्हणाला. "चमकून दाखव." इतक्या मायेने म्हणाला की मला धड रागावताही येईना.

शनिवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून, कॉफीचा थर्मास घेऊन लव्हॉनच्या आधी गाडीत जाऊन बसला.

"तू कुठे निघालास?" लव्हॉनने विचारलं.

"बघायला येतो. का, तिकीट आहे का तिथे?"

तिने गाडी सुरू केली. रस्ताभर गाणं गुणगुणत होती. घासण्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याला ते गुपित ठेवायचं होतं.

आमची पाळी आली. लव्हॉन चटईवर पालथी झोपली, गाल माझ्या दस्त्याला टेकवला, श्वास सोडला आणि चाप ओढला. पहिली गोळी वर. दुसरी डावीकडे. तिसरी कुठे गेली ते मलासुद्धा कळलं नाही! दहा गोळ्या झाल्या तेव्हा कागद असा दिसत होता की कुणी मूठभर मटार फेकून मारले असावेत. चार तर वर्तुळाच्या साफ बाहेर.

गर्टबाईने लाल पेन्सिल काढली. "लव्हॉन, हे काय?"

लव्हॉनने माझी बाजूची कळ मागे ओढून मला उघडलं, वास घेतला आणि नळीत डोकावून पाहिलं. तिला सगळं कळलं. तिने मागे वळून पाहिलं. बाकावर मर्ल बसला होता, आणि त्याने हसून कॉफीचा पेला तिच्याकडे उंचावला.

एका वाक्याचं काम होतं, मित्रांनो! 'गर्ट, माझ्या नवऱ्याने काल नळी घासली,' एवढं म्हटलं असतं तरी निदान ऐकून घेतलं असतं कुणीतरी. हिवाळाभर थंडीत बोटं गोठवली होती ती याच जागेसाठी. पण ते वाक्य पंधरा माणसांसमोर, मर्लच्या देखत म्हणावं लागलं असतं.

"काही नाही," लव्हॉन म्हणाली. "आज माझा दिवस नव्हता."

मी तिला ओळखत होते. तिने ती जागा सोडली होती.

ट्रेंट जवळ आला. पोरगा वात्रट, पण मनाचा वाईट नाही. "मावशी, तुझ्या या म्हातारीने दगा दिला वाटतं!" म्हणत त्याने परवानगी घेऊन माझ्या उघड्या नळीत डोकावलं आणि शीळ घातली. "अगं, आत तर आरसा आहे! कुणी घासली ही?"

"मी!" बाकावरून मर्ल उठला. छाती ही अशी फुगलेली. "अख्खी दुपार लागली. कसली घाण होती आत! आता त्या नळीतून दूध पाठवलं तरी चालेल!"

कुणीही हसलं नाही. गर्टबाईची पेन्सिल हवेतच थांबली. मर्लने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. गाय नुसती उभी राहिली तरी तिचं कुठे दुखतंय ते ओळखणारा माणूस तो, त्याला वेळ लागला नाही.

"घासायची नसते का?" त्याने हळूच विचारलं.

"स्पर्धेच्या तोंडावर नाही, काका," ट्रेंट म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

"लव्हॉन, तुला कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती महिन्यांनी घराबाहेर पडलास, मर्ल," लव्हॉन म्हणाली. "तू परत घरात जाऊन बसावंस असं मला नको होतं."

मर्लने टोपी काढली. मान खाली घालून तो गर्टबाईसमोर जाऊन उभा राहिला. "बाई, हे माझं काम आहे. तिचा नेम चुकलेला नाही. तिला दोष देऊ नका."

गर्टबाईने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "सबबी ऐकत नाही मी."

"ही सबब नाही. मी केलंय ते सांगतोय."

"हं." ती लव्हॉनकडे वळली. "जूनमध्ये ही रायफल अशीच आंघोळ घालून आणणार आहेस का?"

"मुळीच नाही!"

"मग मी तपासली ती जूनमधली रायफल नव्हेच." तिने तो कागद टराटरा फाडला. "मातीच्या बांधात गोळ्या झाड, ती भानावर येईपर्यंत. मग नव्याने सुरुवात."

"म्हणजे माझी जागा गेली का?" ट्रेंट म्हणाला.

"तुझी होती कधी?"

मग काय विचारता! मर्लने खाली बसून आपल्या जाड बोटांनी एकेक काडतूस मॅगझीनमध्ये भरायला घेतलं. लव्हॉन मातीत गोळ्या मारत होती आणि माझ्या आत मेण पुन्हा बसत होतं. थोडं, मग आणखी थोडं. कोरड्या घशाला पाणी मिळावं तसं वाटत होतं मला!

"आता मी हिला घाण करतेय," लव्हॉन माझ्यावरचा गाल न उचलता म्हणाली. "घरी मी घाण करायची आणि तू पुसायचं, एवढी वर्षं तेच चाललंय आपलं."

या वेळी सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मर्ल.

सावकाश दहा गोळ्या झाल्या. सगळ्या काळ्यात! आता भरभर दहा. गर्टबाईने घड्याळ धरलं. "चालू!" आणि आम्ही सुटलो! ठक, ठक, ठक! पुंगळ्या उजवीकडे उडत होत्या. लव्हॉन डावखुरी, तिचा चेहरा नेमका त्याच बाजूला. सातवी पुंगळी, चुलीतल्या निखाऱ्यासारखी तापलेली, थेट तिच्या कॉलरमध्ये शिरली! मी पाहिलं आणि मनात म्हटलं, संपलं, आता ही उडी मारणार. भल्याभल्यांनी अशा वेळी थयथयाट केलेला मी पाहिला आहे. लव्हॉन हलली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण माझ्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी वर्तुळावरून ढळली नाही. ठक, ठक, ठक! मीही एकदासुद्धा अडकले नाही. अडकेन कशी? तिची मानेवरची कातडी भाजत होती हो, आणि मी अडकू?

शेवटची गोळी सुटली, लव्हॉनने मला रिकामं करून नीट खाली ठेवलं आणि मग अशी काही नाचली की संपूर्ण चांदमारी टाळ्या पिटायला लागली.

"नाच संपला असेल तर कागद बघू," गर्टबाई म्हणाली. तिने कागद उजेडात धरला. दहाही भोकं मिळून एक नाण्याएवढं खिंडार पडलं होतं. तिने पुष्कळ वेळ पाहिलं. "जूनमध्ये सकाळी सहाला गाडी निघेल. उशीर झाला तर ट्रेंट आहेच. आणि मर्ल, मागे दुर्बिणीवर बसून गोळी कुठे लागली ते सांगायला मला एक माणूस हवा आहे. निरोगी डोळ्यांचा, बडबड न करणारा."

"बडबडीचं काही सांगता येत नाही," मर्ल म्हणाला.

मित्रांनो, माझ्या पिढीतली प्रत्येक जुनी वस्तू शेवटी तुम्हाला हेच सांगते : आम्हाला जपा, आम्हाला पुसा. मी थोडं वेगळं सांगते. मला वर्षानुवर्षं कपाटात ठेवलं तेव्हा मी गंजले नाही, आणि मायेने घासलं तेव्हा मात्र मी कामातून गेले. ज्याला जपायचं त्याला काय हवं, ते आधी विचारावं. लव्हॉनलाही मी हेच सांगेन. सगळा हिवाळा तिला वाटत होतं की मर्लला एकटं सोडलेलं हवं आहे. त्याला हवं होतं ते काम, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

आता थांबते. कपाटाचं कुलूप उघडतंय. मर्ल आहे, हातात फडकं आहे. पण मला हात लावण्याआधी तो स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतोय, "लव्हॉन, नुसतं लाकूड पुसू ना?"