चार ग्लास पाणी

"होतच नाहीये हो, व्हर्नाबाई!" संडासाच्या उघड्या दारात मिस्टी रडकुंडीला आली होती.

"होईल गं. बस निवांत."

निवांत कसली बसतेय! गेली अकरा वर्षं मी कोर्टाच्या तळघरात हेच काम करते. बाई बाटलीत लघवी करते की नाही, ते समोर उभं राहून बघायचं. असल्या कामाचा काय तोरा मिरवणार?

नशेच्या गोळ्यांपायी पकडलेल्यांना आमचे जजसाहेब लगेच शिक्षा सुनावत नाहीत. उपचार घ्या, रोज सकाळी फोन लावा, आपल्याला नेमून दिलेला रंग त्यावर पुकारला की लघवीचा नमुना द्यायला या. वर्ष निभावलं तर सुटका, नाहीतर तुरुंग. मिस्टी कोम्ब्सच्या डोक्यावर चार वर्षांची शिक्षा टांगलेली होती. आज तिचा तपकिरी रंग निघाला, नशा सोडल्याच्या दोनशे अकराव्या दिवशी, आणि मेला थेंब येईना. नमुना दिला नाही म्हणजे नशा केल्यातच जमा.

तीन वाजले होते. पाचला नमुने घ्यायची खिडकी बंद. पोरगी सारखी घड्याळाकडे बघत होती, मला बघवेना.

"घे, पाणी पी," म्हणत मी तिला एकामागून एक चार ग्लास पाजले.

पाचला पाच कमी असताना झाली एकदाची. बाटली उजेडात धरली. नुसतं पाणी! एका ग्लासापेक्षा जास्त देऊ नये, ही पाटी माझ्याच भिंतीवर आहे.

गुरुवारी कोर्टात, मी मागच्या बाकावर असताना, अहवाल वाचला गेला: नमुना पातळ, म्हणजे नशा लपवल्याचा संशय.

"काय घेतलं होतंस? मुद्दाम पाणी ढोसलंस ना?" जजसाहेबांनी विचारलं.

"काही नाही घेतलं, साहेब."

"सगळे हेच म्हणतात."

मिस्टीने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण कार्टीने माझं नाव काही घेतलं नाही. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी देवाचं नाव घेतलं आणि उठले.

"पाणी मी पाजलं, साहेब. चार ग्लास. नियम मला ठाऊक होता."

"मग हिने का नाही सांगितलं?"

"त्यांची नोकरी गेली असती," मिस्टी पुटपुटली.

जजसाहेबांनी निकाल सांगितला. तुरुंग टळला. पण नमुना बाद तो बादच, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. "आणि व्हर्ना, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मी खाली बसले. मग रिवाजाप्रमाणे एकेकाने उठून आपले शुद्धीचे दिवस सांगितले. तीनशे दोन. एकोणनव्वद. टाळ्या पडत होत्या. मिस्टी उठली, ताठ उभी राहिली.

"एक," ती मोठ्याने म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरून उचललेच गेले नाहीत.